अमेरिका-युरोपच्या भांडणावरच्या ऑनलाइन चर्चा: पहिल्यांदाच ऐकायला बसणाऱ्यांसाठी

मार्च महिन्यातली गोष्ट. वॉशिंग्टनमधल्या एका थिंक टँकची, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची, ऑनलाइन चर्चा होती, तिथल्या सकाळी दहाची. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, असा माझा हिशेब. जेवण उरकलं, वही-पेन घेतलं आणि बरोबर साडेआठला लॅपटॉप उघडला, तर सूत्रसंचालक पाहुण्यांचे आभार मानत होते. तासाभराची अख्खी चर्चा हुकली होती. अमेरिकेनं आदल्याच रविवारी आपली घड्याळं एक तास पुढे केली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

गेली काही वर्षं मी या चर्चा नियमित ऐकते. विषय एकच, अमेरिका आणि युरोप यांचं आपसातलं नातं. तिकडचे तज्ज्ञ त्याला 'ट्रान्सअटलांटिक' म्हणतात, कारण मधे अटलांटिक महासागर आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, निर्यातीच्या धंद्यातले लोक, पत्रकारितेत नव्यानं आलेले आणि माझ्यासारखे निव्वळ हौशी, अशा बऱ्याच जणांना या चर्चा ऐकायच्या असतात. पण पहिल्या दोन-तीन वेळा डोक्यावरून जातात आणि मग नाद सुटतो. माझ्या अनुभवानं सांगते, डोक्यावरून जाण्याचं कारण इंग्रजी नाही. समोरचे दोघं वेगवेगळी गोष्ट मोजत असतात आणि तसं सांगत मात्र नाहीत. तेवढं पकडता आलं की निम्मं काम झालं. बाकीच्या पायऱ्या त्यासाठीच्याच आहेत.

पायरी १: आधी घड्याळ

आपलं घड्याळ बारा महिने एकच. तिकडचं वर्षातून दोनदा सरकतं. हिवाळ्यात वॉशिंग्टन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. ब्रुसेल्स, बर्लिन, पॅरिस हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. लंडन त्यांच्याही मागे एक तास. खरी गंमत पुढे आहे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांत दोघांमधलं नेहमीचं सहा तासांचं अंतर पाचवर येतं आणि पाठ केलेलं गणित चुकतं. नावनोंदणी केली की येणाऱ्या ईमेलमध्ये बहुतेक वेळा कॅलेंडरचं बटण असतं. ते दाबा, म्हणजे फोन आपोआप भारतीय वेळ लावतो. मी आता तोंडी हिशेब करायचं सोडून दिलंय.

नावनोंदणीच्या अर्जात 'संस्था' असा रकाना दिसला की नवखे लोक बिचकतात. विद्यार्थी असाल तर कॉलेजचं नाव लिहा, नाहीतर 'स्वतंत्र' लिहा. खुल्या कार्यक्रमाला कुणी अडवत नाही. बरीच रेकॉर्डिंग नंतर यूट्यूबवर मिळतात, पण प्रश्न विचारायचा असेल तर थेटच हजर राहावं लागतं.

पायरी २: एकच धागा धरा

संरक्षणखर्च, व्यापार आणि आयातशुल्क, तंत्रज्ञान कंपन्यांवरचे नियम, युक्रेन, चीन, ग्रीनलँड... सगळं एकदम ऐकायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. सुरुवातीला मी संरक्षणखर्च सुचवेन. त्यातले कागद आखूड आहेत आणि आकडे जाहीर आहेत. युक्रेन नंतर घ्या. त्यात दर आठवड्याला पट बदलतो आणि नवखा माणूस बातम्यांच्या मागे धावतच राहतो.

पायरी ३: अर्धा तास वाचून मग बसा

नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी आघाडी. तिचा करार वाचला नसेल तर आधी वाचा. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी सही केलेला, अवघ्या १४ कलमांचा करार आहे तो. चहा थंड व्हायच्या आत वाचून होतो. आज सदस्य ३२ आहेत. २०२३ मध्ये फिनलंड आला आणि २०२४ मध्ये स्वीडन.

त्यातलं पाचवं कलम सगळ्यांना ऐकून माहीत असतं: एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पण पुढचं वाक्य सावकाश वाचा. प्रत्येक देश 'त्याला आवश्यक वाटेल ती' कृती करील, त्यात सैन्याचा वापरही आला, असं तिथे लिहिलंय. सैन्य पाठवलंच पाहिजे असं कुठेही नाही. युद्धात उतरायचं की नाही हे ठरवण्याचा आपला अधिकार अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, सोडायचा नव्हता, म्हणून शब्द असे सैल ठेवले गेले. 'अमेरिका खरंच येईल का?' हा जो प्रश्न आज प्रत्येक चर्चेत उठतो, त्याची फट करारातच १९४९ पासून आहे. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. म्हणजे तेव्हा मदतीला धावले ते अमेरिकेचे मित्रदेश. युरोपचे वक्ते ही आठवण का काढतात, ते आता कळेल.

पाचव्याच्या आधी तिसरं कलमही वाचा. प्रत्येकानं स्वतःची ताकद राखावी, वाढवावी, असं ते सांगतं. अमेरिकी वक्त्यांचा जीव त्या कलमात असतो.

इतिहास फार नको. १९५६ चं सुएझ प्रकरण, १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढलं तो प्रसंग आणि २००३ चं इराक युद्ध, एवढं माहीत असलं तरी पुरे. या तिन्ही वेळी अमेरिकेचं युरोपातल्या मित्रांशी बिनसलं होतं. म्हणजे 'असं भांडण पूर्वी कधी झालंच नव्हतं' असं कुणी म्हणालं तर भुवई वर जाईल.

पायरी ४: माणूस कुठल्या खुर्चीतून बोलतोय?

निमंत्रणात वक्त्यांची चार ओळींची ओळख असते. लोक ती वाचत नाहीत. मी मात्र चर्चेआधी तीच नीट वाचते. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं की अधिकारी थिंक टँकमध्ये येतात आणि थिंक टँकमधले लोक सरकारात जातात. त्यामुळे 'माजी उपमंत्री' असं लिहिलं असेल तर कोणत्या राष्ट्राध्यक्षांच्या काळातले ते बघा. आणि त्यांना परत जायची आशा असेल, हेही गृहीत धरा. अशी माणसं आपल्याच पक्षाच्या धोरणावर टीका करतात, पण हात राखून.

संस्थेचंही तेच. बर्लिनची एसडब्ल्यूपी ही संस्था जर्मन सरकारच्या पैशावर चालते आणि तिथल्या संसदेला, सरकारला सल्ला देते. वॉशिंग्टनचं जर्मन मार्शल फंड १९७२ मध्ये जर्मनीनं दिलेल्या देणगीतून उभं राहिलं, मार्शल योजनेची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं युरोपला दिलेल्या मदतीची, कृतज्ञता म्हणून. ब्रुसेल्सच्या ब्रूगेलमध्ये अर्थशास्त्री भेटतील, लंडनच्या रूसी (RUSI) या संस्थेत लष्कराची माणसं. यात वाईट काही नाही. प्रत्येकाचं दुकान वेगळं, माल वेगळा. पण एकाच दुकानातून महिनाभर माल भरू नका. पहिल्या महिन्यात एक अमेरिकी, एक जर्मन किंवा फ्रेंच आणि एक पूर्व युरोपातली, म्हणजे पोलंड किंवा बाल्टिक देशांमधली चर्चा ऐका. ही तिसरी बहुतेक लोक टाळतात, आणि शिकायला सगळ्यात जास्त तिथेच मिळतं. रशिया ज्यांचा शेजारी आहे त्यांचा आवाज वेगळा लागतो.

पायरी ५: आकडा आला की विचारा, कशाचा?

इथे जरा थांबते, कारण नवखे इथेच फसतात.

संरक्षणखर्चाचं घ्या. २०१४ मध्ये नाटोच्या वेल्समधल्या बैठकीत ठरलं, की दहा वर्षांत प्रत्येकानं जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वार्षिक सकल उत्पन्नाच्या, २ टक्क्यांकडे जायचं. त्या वर्षी २ टक्के गाठलेले देश तीनच होते: अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. मग जून २०२५ मध्ये हेगच्या बैठकीत नवा आकडा आला: २०३५ पर्यंत ५ टक्के. मथळा झाला पाच टक्क्यांचा. आत बघितलं तर साडेतीन टक्के खऱ्या संरक्षणावर आणि दीड टक्का संरक्षणाला पूरक अशा गोष्टींवर: रस्ते, पूल, बंदरं, सायबर सुरक्षा. आता रणगाडे जाऊ शकतील असा पूल बांधला तर तो या दीड टक्क्यात बसतो का? इटलीत सिसिली बेटाला जोडणाऱ्या मेसिनाच्या पुलाचा खर्च यात धरता येईल का, अशी चर्चा खरोखर झाली. तेव्हा एखादा वक्ता म्हणाला की अमुक देश पाच टक्क्यांच्या वाटेवर आहे, तर वहीत लिहा: 'साडेतीनपैकी किती, दीडपैकी किती?'

दुसरा नमुना. 'नाटोचा बहुतेक खर्च अमेरिका उचलते' हे वाक्य दर दोन चर्चांमागे एकदा येतंच. सगळ्या सदस्य देशांच्या संरक्षणखर्चाची बेरीज केली तर २०२४ मध्ये त्यातला सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचा होता. पण त्यात अमेरिकेचा जगभरातला सगळा लष्करी खर्च आला, प्रशांत महासागरातल्या जहाजांसकट. नाटोचं स्वतःचं सामायिक अंदाजपत्रक वेगळंच असतं, मुख्यालय आणि संयुक्त यंत्रणा चालवण्याचं. २०२४ मध्ये त्यात अमेरिकेचा वाटा सुमारे १६ टक्के होता, जवळपास जर्मनीएवढाच. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घराघरातला किराणा यांची बेरीज एकत्र करावी तसा प्रकार. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ज्याला जो सोयीचा तो तोच सांगतो.

व्यापारात तर ही हातचलाखी आणखी सफाईनं होते. युरोपीय संघाच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये मालाच्या व्यापारात युरोपनं अमेरिकेवर १९८ अब्ज युरोंची आघाडी घेतली. सेवांच्या व्यापारात, म्हणजे सॉफ्टवेअर, क्लाउड, बौद्धिक संपदा वगैरेंमध्ये, युरोपला १४८ अब्जांची तूट आली. बेरीज-वजाबाकी करून उरतात ५० अब्ज. अमेरिकी वक्ता फक्त मालाबद्दल बोलतो, ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाच्या बाजूचा, वक्ता ५० अब्जांबद्दल. एकदा अशाच एका चर्चेत दोघं वीस मिनिटं भांडले आणि सूत्रसंचालकानं 'तुम्ही दोघं वेगळे आकडे सांगताय' एवढंही म्हटलं नाही. मी इकडे वहीवर पेन आपटत होते.

जुलै २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या टर्नबेरीत ट्रम्प आणि युरोपीय आयोगाच्या (युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेच्या) अध्यक्ष उर्सुला फॉन डेअर लायन यांच्यात समझोता झाला. युरोपच्या बहुतेक मालावर अमेरिकेत १५ टक्के शुल्क, आणि बदल्यात युरोप अमेरिकेकडून ७५० अब्ज डॉलरची ऊर्जा घेणार आणि तिथे ६०० अब्ज डॉलर गुंतवणार. इथे आकड्याबरोबर आणखी एक प्रश्न लागतो: आश्वासन दिलं कुणी, आणि पाळायचं कुणी? गुंतवणूक करतात खाजगी कंपन्या. आयोग त्यांना हुकूम सोडू शकत नाही. म्हणजे ६०० अब्ज हा आयोगाच्या खिशातला पैसाच नव्हता.

पायरी ६: बोलण्यामागचं बोलणं

पहिली दहा मिनिटं नमनाला घडाभर तेल असतं. सोडून द्या, तोवर चहा करून घ्या. पुढचं मात्र कान देऊन ऐका, कारण ही मंडळी ताकाला जाऊन भांडं लपवण्यात पटाईत असतात. 'चर्चा मोकळी आणि स्पष्ट झाली' म्हणजे खडाजंगी झाली. 'आमची मूल्यं समान आहेत' हे वाक्य लागोपाठ दोनदा आलं, तर सध्या मूल्यांवरूनच बिनसलंय असं समजा.

काही शब्द ऐकणाऱ्याच्या गावाप्रमाणे अर्थ बदलतात. 'सामरिक स्वायत्तता' घ्या. पॅरिसमध्ये याचा अर्थ, युरोपला स्वतःच्या बळावर उभं राहता आलं पाहिजे. वॉर्सात तोच शब्द ऐकला की वाटतं, आता अमेरिकेला घालवायला निघाले. पोलंड जीडीपीच्या ४ टक्क्यांहून जास्त संरक्षणावर खर्च करतो आणि तरी, किंबहुना म्हणूनच, अमेरिकी सैन्य आपल्या भूमीवर हवं म्हणतो. 'भार वाटून घेणं' आणि 'भार सरकवणं' हेही दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात ओझं दोघांनी उचलायचं, दुसऱ्यात ते युरोपच्या खांद्यावर द्यायचं. अलीकडे अमेरिकी वक्त्यांच्या तोंडी दुसरा जास्त येतो, आणि तो आला की समोरच्या युरोपीय पाहुण्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पायरी ७: प्रश्न विचारा, पण असा

चर्चेचा सगळ्यात चांगला भाग शेवटच्या वीस मिनिटांत असतो, प्रश्नोत्तरांचा. प्रश्न टाइप करायचा चौकोन सुरुवातीपासून उघडा असतो. शेवटपर्यंत थांबू नका, पहिल्या पंचवीस मिनिटांत टाका. सूत्रसंचालक तेव्हापासूनच निवडायला लागतात.

आपल्याकडचे बरेच जण विचारतात, 'भारतासाठी याचा अर्थ काय?' मीही विचारायचे. उत्तर ठरलेलं: 'भारत महत्त्वाचा भागीदार आहे.' झालं, पुढचा प्रश्न. त्याऐवजी वक्त्याचंच वाक्य धरा. उदाहरणार्थ: 'दीड टक्क्याच्या खर्चात पूल आणि बंदरं धरता येतील, असं आपण म्हणालात. ते पात्र आहेत की नाहीत, हे कोण तपासणार?' दोन वाक्यं, एक प्रश्नचिन्ह. स्वतःची ओळख नाव आणि गाव एवढीच. माझा पहिला प्रश्न वाचला गेला तो असाच होता. सूत्रसंचालकांनी 'पुणे'चा उच्चार काहीतरी भलताच केला, पण उत्तर मात्र पाच मिनिटांचं आलं.

काही चर्चांच्या सुरुवातीला 'चॅटम हाऊस रूल' लागू आहे असं सांगतात. लंडनच्या चॅटम हाऊस या संस्थेत १९२७ पासून चालत आलेला हा नियम. ऐकलेली माहिती वापरायला मुभा असते, पण ती कुणी सांगितली, तो कुठल्या संस्थेचा, आणि तिथे आणखी कोण कोण होतं हे उघड करायचं नाही. म्हणजे 'एका चर्चेत ऐकलं, की जर्मनीत यावर मतभेद आहेत' हे लिहिलं तर चालतं. 'आज अमुक माजी राजदूत म्हणाले' असा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला तर चालत नाही. मग पुढच्या वेळी निमंत्रण येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पायरी ८: आपल्या दारातलं टोक शोधा

भारताबद्दल थेट प्रश्न नको म्हटलं, याचा अर्थ संबंध नाही असं नाही. माझी भाची हिंजवडीत युरोपातल्या ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्या टीममध्ये आहे. २५ मे २०१८ पासून युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, त्याआधीचे काही आठवडे ती रात्री दहाच्या आत घरी आली नव्हती. कोणती माहिती कुठे साठवायची, किती दिवस ठेवायची, याचे तक्ते भरत बसायची. माहितीची ही लढाई मुळात अटलांटिकवरची आहे. माक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन माणसानं कायद्याचा विद्यार्थी असताना फेसबुकविरुद्ध तक्रारी सुरू केल्या. त्याच वादातून युरोपीय न्यायालयानं २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये, युरोपातल्या लोकांची माहिती अमेरिकेत पाठवण्याची व्यवस्था रद्द केली. तिसरी व्यवस्था २०२३ मध्ये आली. वॉशिंग्टन आणि ब्रुसेल्सच्या या ओढाताणीतून माहितीचे जे नियम ठरतात, त्यांची एक प्रत हिंजवडीतही येऊन पडते. तुमच्या धंद्यातलं किंवा अभ्यासातलं असं एखादं टोक सापडलं, की चर्चा ऐकायचा कंटाळा येत नाही.

पायरी ९: भाकितांचं पान

वहीचं शेवटचं पान राखून ठेवा. तीन रकाने करा: तारीख, कोण म्हणालं, काय होईल म्हणाले. सहा महिन्यांनी उघडून बघा. कुणाचं ऐकायचं आणि कुणाच्या वेळी चहा करायला उठायचं, हे हळूहळू आपोआप ठरतं. फेब्रुवारीत म्युनिकची सुरक्षा परिषद होते, तिच्या आगेमागे चर्चांचा पाऊस असतो. नाटोच्या शिखर बैठका बहुधा जून-जुलैमध्ये होतात. पान भरायला हे दोन हंगाम उत्तम.

या पानावर स्वतःचीही भाकितं लिहा. माझ्या जुन्या वहीत जानेवारी २०२२ ची एक नोंद आहे. जर्मनीनं युक्रेनला ५,००० हेल्मेट द्यायचं जाहीर केलं होतं आणि साऱ्या जगात त्याची टिंगल चालली होती. मी लिहिलंय, 'जर्मनी शस्त्रं देणार नाही. अजिबात नाही.' 'अजिबात' खाली दोन रेघा. २६ फेब्रुवारीला जर्मनीनं रणगाडाविरोधी शस्त्रं पाठवायचा निर्णय घेतला, आणि दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर शोल्त्स यांनी संसदेत लष्करासाठी १०० अब्ज युरोंचा निधी जाहीर केला. ते पान मी फाडलेलं नाही. नवी वही घेतली की ते काढून पहिल्या पानात चिकटवते.